कशाचा अर्धा?

महाराष्ट्रात देवीची पीठं साडेतीन. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण, आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. हे आपण इतक्या लहानपणी ऐकलेलं असतं की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. देव कुठे अर्धा असतो का, असं विचारणारा एखादा चिकित्सक नातू घरात निपजलाच, तर त्याच्या हातावर खोबऱ्याचा मोठासा तुकडा ठेवून त्याला गप्प करतात.

माहूरला गेलं की मात्र हा हिशोब जरा अवघड होतो. गडावरच्या गाभाऱ्यात रेणुकामातेचं फक्त मुख आहे. तांदळा म्हणतात त्याला. कथा अशी सांगतात की, परशुरामाला आई पुन्हा दिसणार होती. ती जमिनीतून पूर्ण वर येईपर्यंत मागे वळून पाहू नकोस, अशी त्याला ताकीद होती. पण आईच्या ओढीनं त्यानं घाई केली, वळून पाहिलं, आणि तोवर मुखच काय ते वर आलेलं होतं. तिकडे वणीच्या गडावर सप्तशृंगी पायांपासून मुकुटापर्यंत उभी आहे, आठेक फूट उंच, अठरा हातांची. म्हणजे जिचं मुखच दिसतं ती पूर्ण, आणि जिला अठरा हात ती अर्धी. हे उदाहरण एखाद्या गणिताच्या मास्तरांपुढे ठेवा. ते चष्मा पुसतील आणि छपाईची चूक असावी म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळतील.

मला मात्र वाटतं, अपूर्णांकाचा पहिला धडा इथेच शिकवावा. कारण माहूरकर यात जराही गोंधळत नाहीत. मूर्ती मोजायची की पीठ मोजायचं, हे त्यांच्या मनात पक्कं असतं. मूर्तीचा हिशोब शिल्पकारानं करावा, पीठाचा परंपरेनं. एकदा हे ठरलं की मुख म्हणजे पूर्ण आणि अठरा हात म्हणजे अर्धं, यात काही तंटा उरत नाही. अर्धा हा शब्द कानावर पडला की पहिला प्रश्न विचारायचा तो एवढाच: कशाचा?

दत्तगुरूंच्या बाबतीतही माहूरनं असाच समंजसपणा दाखवला आहे. दत्तांची दिनचर्या भाविकांना तोंडपाठ असते: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. म्हणजे जागेपणीचे दत्त बाकीच्यांच्या वाट्याला आणि झोपलेले माहूरच्या. चोवीस तासांचे वाटे घालायला बसलं तर माहूरला रात्रच येते. पण दत्तशिखरावर कुणी तक्रार करताना दिसत नाही. दिवसाचा तुकडा मिळाला असेल, देवाचा तुकडा मिळालेला नाही, हा फरक त्यांना कळतो.

साडेतीनवर आपला तसा जुना लोभ आहे. मुहूर्त साडेतीन, त्यातला बलिप्रतिपदेचा अर्धा. मनुष्यदेह साडेतीन हात, मग माणूस सहा फुटी असो की साडेचार फुटी, कारण हात ज्याचा त्याचाच धरायचा. पेशवाईतले शहाणे साडेतीन: सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. नाना तलवारीचे गडी नव्हते म्हणून अर्धे, असं सांगतात. याचा अर्थ शहाणपणाचा पूर्णांक लेखणी अधिक तलवार असा धरलेला होता. आज तलवार वजा करून मोजलं तर नाना पूर्ण ठरतील आणि इतरांना फेरतपासणीसाठी अर्ज करावा लागेल.

साडेतीनचा तर स्वतंत्र पाढाच होता, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, अडीच यांचेही होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी हे पाढे रोज संध्याकाळी ओरडून म्हणत असे. औट घटकेचं राज्य म्हणतात ते याच औटाचं. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे साडेतीन घटका बरोबर चौऱ्याऐंशी मिनिटं. एवढ्या वेळात शपथविधी आणि हारतुरे आटोपतील, पण खातेवाटप काही व्हायचं नाही. अडीचकीचा उपयोग शनी करतो. सगळ्या बारा राशी फिरायला त्याला सुमारे तीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशींचे मिळून साडेसात. ज्यांना अपूर्णांकांचा गुणाकार शाळेत कधी जमला नाही, त्यांनाही साडेसाती कधी संपते हे महिन्यासकट सांगता येतं. गरज पडली की गणित येतं.

मग शाळेत काय होतं? माहूरला गडाच्या पायऱ्यांपाशी ओटीच्या सामानाची दुकानं आहेत. नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या, आणि जिथे-तिथे तांबूल. विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप, लवंग, वेलची असं सगळं खलबत्त्यात कुटायचं, देवीला दाखवायचं आणि प्रसाद म्हणून तळहातावर घ्यायचं. हे इथलं खास. अशाच एका दुकानात सहावीतला एक नातू फळकुटावर वही टाकून बसला होता. वहीत प्रश्न होता, ०.५ आणि ०.२५ यांतली मोठी संख्या कोणती.

"०.२५," नातू म्हणाला. "पंचवीस पाचापेक्षा मोठे असतात."

आजोबांनी पानांवरची नजर वर केली. "सांग बरं लेका, आठ आणे जास्त का चार आणे?"

"आणे म्हणजे किती, आबा?"

आबा निरुत्तर झाले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. चार आण्यांचं, म्हणजे पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ रोजी चलनातून गेलं. हा मुलगा त्यानंतर जन्मलेला. ज्याच्या आयुष्यातली सगळ्यात लहान वस्तू एक रुपयाची चॉकलेटची गोळी, त्याला रुपयाच्या आत काय असतं हे कुठून दिसणार? आपण नाणी काढून घेतली, पाढे काढून घेतले, शेर-पायली काढून घेतली आणि मग म्हणतो, हल्लीच्या पोरांना अपूर्णांक येत नाहीत.

पण दुकानदार माणूस एका गिऱ्हाइकापाशी अडत नाही. आबांनी शंभर पानं मोजून घेतली आणि दहा-दहाच्या दहा चळती मांडल्या. "ही सगळी मिळून एक," ते म्हणाले. "शंभर नाही म्हणायचं, एक म्हणायचं. आता या एकातले पाच दशांश दे." नातवानं पाच चळती उचलल्या. "ठेव. आता पंचवीस शतांश दे." नातवानं दोन चळती उचलल्या, तिसरीतली पाच सुटी पानं मोजली, आणि मोजता मोजताच त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. दोन चळती आणि पाच पानं ही पाच चळतींच्या निम्मीच होती. टिंबाच्या उजवीकडचं पहिलं घर चळतींचं आणि दुसरं सुट्या पानांचं. म्हणून ०.५ म्हणजे पाच चळती, ०.०५ म्हणजे पाच सुटी पानं, आणि ०.५० म्हणजे पाच चळती आणि सुटं एकही नाही. टिंबापुढचे आकडे एकदम पंचवीस म्हणून वाचले की घोळ झालाच. त्यांना घरवार वाचायचं असतं.

पोरगं हुशार निघालं. त्यानं लगेच विचारलं, "आबा, ही पानं तिघांत वाटली तर?" आबांनी वाटली. तेहतीस, तेहतीस, तेहतीस आणि एक पान उरलं. त्या पानाचे दहा तुकडे केले तर तीन-तीन वाटले जातात आणि एक तुकडा उरतो. त्या तुकड्याचे पुन्हा दहा केले तरी एक उरतोच. गणितात याला आवर्ती दशांश म्हणतात, ०.३३३ असं लिहितात आणि तिनावर टिंब देऊन हात झटकतात. आबांना हात झटकायला दुसरं साधन मिळालं. तेवढ्यात एका बाईंनी तांबूल मागितलं आणि उरलेलं पान खलबत्त्यात गेलं.

तिनाचं आणि दशांशाचं हे वैर जुन्या नाण्यांना ठाऊक नव्हतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयात १९२ पै. एक रुपया तिघा भावांत वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै. बेरीज करून पाहा: बरोबर सोळा आणे, ना पै उरली ना भाऊ रुसला. आज तोच रुपया तिघांत वाटला तर तेहतीस-तेहतीस पैसे देऊन एक पैसा हातात राहतो. वाड्यांच्या वाटण्या दशमान पद्धत आल्यावर कोर्टात गेल्या असं मी म्हणत नाही. त्या आधीपासूनच जात होत्या. पण तिघांना समान भाग देणारं नाणं आपल्याकडे होतं, एवढी नोंद असायला हरकत नाही.

हिशोबाची लिपीही त्याच वळणाची होती. जुन्या चोपड्या उघडल्या तर आकड्याशेजारी उभ्या रेघा दिसतात. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ३। म्हणजे सव्वातीन, ३॥ म्हणजे साडेतीन, ३॥। म्हणजे पावणेचार. धान्याची मापंही अशीच निम्म्यानिम्म्यानं उतरत जात: पायलीत चार शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की झालं. भाकरीसुद्धा अर्धी आणि चतकोर या क्रमानंच मोडली जाते. भाकरीचे दहा समान भाग करून त्यातले तीन मागणारा पाहुणा अजून कुणाच्या घरी आलेला नाही.

त्यातून मराठवाड्याच्या माणसाला तर अपूर्णांकाची दुहेरी तालीम मिळाली. निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा, हाली सिक्का; इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. तो १९५९ पर्यंत टिकून होता. माहूरच्या पायथ्याशी निजामाचा मुलूख आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे कलदाराचा मुलूख. नदीपलीकडून आलेला यात्रेकरू एक कलदार रुपया टाकणार आणि दुकानदार त्याचे हाली करणार: एक रुपया, दोन आणे, आठ पै. अगदी बरोबर, काही उरत नाही. हेच दशांशात करा. सातास सहानं भागलं की १.१६६६ आणि पुढे सहाच सहा, नदी पार होते पण भागाकार होत नाही.

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे. चार आण्यांचे पंचवीस हे सरळ झालं, पण एका आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कुणी पाडलेला नव्हता, म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस आणि चार आणे पंचवीस, असा तक्ता ठरला. याचा परिणाम मजेदार होता. एकेक आण्याची वस्तू चार वेळा जाऊन घेतली तर चोवीस पैसे पडत, आणि एकदम चारही घेतल्या तर पंचवीस. जो मुलगा दुकानात चार खेपा घालतो तो आळशी नसून अर्थतज्ज्ञ आहे, हे तेव्हा सिद्ध करता आलं असतं.

एवढं रडगाणं गायलं तरी दशांश वाईट नाहीत. उलट त्यांचा उपकार मोठा आहे. पाव, पाऊण आणि औट यांच्यापुरतं तोंडपाठ चालतं. पण सात सतरांश मोठे की नऊ बाविसांश, हे विचारलं की भलेभले पाणी मागतात. दशांशात लिहिलं की एक ०.४११ आणि दुसरा ०.४०९, नजरेनंच निकाल. दहाच्या घरांनी आकडे मांडायची युक्ती आपल्या मातीतली असली तरी तीच घरं एककाच्या उजवीकडे वाढवत नेण्याचं काम समरकंदच्या अल-काशीनं पंधराव्या शतकात केलं, आणि युरोपात सायमन स्टेविननं १५८५ मध्ये एक छोटंसं पुस्तक लिहून ते व्यापाऱ्यांपर्यंत नेलं.

आपल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली तेव्हा अपूर्णांकांचा मान मोठा होता. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. 'लीलावती'त एका कंजूष माणसाचं उदाहरण येतं. भिक्षेकऱ्याला त्यानं काय दिलं? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्यांचे तीन चतुर्थांश, त्यांचा एक पंचमांश, त्याचा एक षोडशांश आणि त्याचा एक चतुर्थांश. ऐकताना वाटतं, केवढी ही उदारता! सगळा गुणाकार केला की उरतो द्रम्माचा १२८० वा भाग, म्हणजे एक कवडी. आजच्या सवलतींच्या जाहिरातींचे मूळपुरुष शोधायचे तर ते बहुधा हेच. 'निवडक वस्तूंवर, मर्यादित काळासाठी, ठरावीक रकमेपर्यंत अर्धी किंमत' यातही शेवटी हातावर कवडीच पडते. अर्धा खरा असतो. कशाचा अर्धा, ते बारीक टायपात असतं.

काही ठिकाणी तर भागाचं नावही नुसतं नावापुरतं उरतं. दारूची पूर्ण बाटली ७५० मिलिलिटरची, आणि जिला सगळे क्वार्टर म्हणतात ती १८० ची. हिशोबानं साडेसत्त्याऐंशीनं संपणारी, म्हणजे १८७.५ ची हवी. साडेसात मिलिलिटर जातात कुठे, हे कुणी विचारत नाही. कारण घेण्याआधी घाई असते आणि घेतल्यावर भागाकार जमत नाही. सातबाराचं उलटं. तो दिसतो अपूर्णांकासारखा, पण अपूर्णांक नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर आले, एवढाच त्याचा अर्थ. तरी पाच भावांची नावं चढलेला सातबारा पाहिला की त्या दोन आकड्यांमधली तिरपी रेघ भागाकाराचीच वाटू लागते.

पण हे सगळं गमतीचं. मराठवाड्यात एक अपूर्णांक असा आहे की त्याच्यावर वर्षाचा घास अवलंबून असतो. पैसेवारी. लोक अजून तिला आणेवारीच म्हणतात. गावातलं यंदाचं पीक ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत किती, ते पैशांत सांगायचं. प्रमाण उत्पन्न म्हणजे शंभर पैसे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचं दार उघडतं: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. एकोणपन्नास पैशांचं गाव आणि एक्कावन्न पैशांचं गाव यांच्या मध्ये एक बांधच असतो. दोन्हीकडचं सोयाबीन एकाच पावसानं झोडपलेलं, दोन्हीकडची बोंडं सारखीच काळवंडलेली. पण कागदावर एक गाव अर्ध्याच्या आत आणि दुसरं अर्ध्याच्या बाहेर.

इथे आबांचं वाक्य आठवावं: शंभर नाही म्हणायचं, एक म्हणायचं. पैसेवारीतला तो 'एक' कोणता? पूर्ण पीक कशाला धरलं, हे आधी ठरतं आणि पैसे मागून पडतात. पाठोपाठच्या वाईट वर्षांची सरासरी काढून तिलाच पूर्ण म्हटलं, तर पुढच्या वाईट वर्षाचं पीकही बऱ्यापैकी दिसू लागतं. शेत तेवढंच ओसाड असतं, पण पूर्णच लहान केल्यामुळे भाग मोठा झालेला असतो. भागाकार अचूक येतो आणि माणूस उपाशी राहतो. हे समजायला लसावि-मसावि लागत नाहीत. भाजकाकडे बोट दाखवायचं धाडस लागतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच. मुलाला अपूर्णांक शिकवताना छेद समान करायच्या घाईत पडू नका. त्याच्यापुढे आधी एक पूर्ण वस्तू ठेवा, ती पूर्ण आहे हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, आणि मग तिचे भाग पाडू द्या. पावकी-निमकी जमली तर उत्तम. नाही जमली तर शंभर पानं पुरतात. बाकी वर्गात काही विसरलं तरी चालेल, पण कुणी अर्धं, पाव, पन्नास पैसे किंवा तेहतीस टक्के म्हटलं की 'कशाचे?' असं विचारायची सवय त्याला लागू द्या. आणि यंदा पैसेवारी जाहीर होईल तेव्हा तुम्हीही ग्रामसभेत उठून उभे राहा आणि तलाठ्याला आदरानं विचारा: साहेब, आमच्या गावाचे सोळा आणे किती क्विंटलला धरलेत?